इंग्रजी नियमित क्रियापदाचा काळतक्ता आणि भिवापूरची बोली

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या हाती प्रथम पडते ती बारा घरांची चौकट. तीन काळ आणि प्रत्येकाचे चार प्रकार असे हे गणित असते, आणि त्यात ‘वॉक’सारखे एखादे नियमित क्रियापद घालून बारा वाक्ये पाठ करावयाची असतात. ही चौकट इंग्रजी भाषेइतकीच जुनी असावी, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे आणि नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाशी असलेल्या भिवापूरसारख्या गावातील बोलीशी त्या चौकटीचे नाते कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम रूपांचा विचार करू. इंग्रजी नियमित क्रियापदाला एकंदर चारच रूपे आहेत : वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. यांपैकी प्रत्ययाने काळ दाखविणारा खरा विरोध ‘वॉक’ आणि ‘वॉक्ड’ एवढाच आहे. बाकीची घरे साहाय्यक क्रियापदांनी भरलेली आहेत. भूतकाळाचा हा दंत्य प्रत्यय जर्मानिक भाषाकुलाचा जुना वारसा होय. लेखनात तो एकच दिसतो, परंतु उच्चारात त्याची तीन रूपे होतात. अघोष वर्णानंतर ‘ट्’, घोष वर्णानंतर ‘ड्’ आणि ट-डनंतर ‘इड्’. केवळ अक्षरावरून शिकणारा विद्यार्थी ‘वॉक्ट’ऐवजी ‘वॉक्ड’ म्हणतो, याचे कारण येथे आहे. इंग्रजीला रूपाने सिद्ध होणारा भविष्यकाळच नाही, असे मत ऑटो येस्पर्सन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले, तेही या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे.

मग काळांची ही विपुलता आली कोठून? लिंडले मरे यांचे इंग्रजी व्याकरण १७९५ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे शाळाशाळांतून रूढ झाले. त्यात काळ बारा नव्हते, सहा होते. आणि त्यांची मांडणी लॅटिन व्याकरणाच्या वळणावर होती. नियमित क्रियापदाचा नमुना म्हणून मरे यांनी ‘लव्ह’ हे क्रियापद चालविले. लॅटिनच्या पाठांतही त्याच अर्थाचे क्रियापद चालविण्याची रूढी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे साच्याचे मूळ स्पष्ट होते. बारा घरांची सुबक चौकट ही त्यानंतरच्या शालेय अध्यापनाची सोय आहे.

महाराष्ट्रात या दोन परंपरांची गाठ एकोणिसाव्या शतकात पडली. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे छापले गेले. पुढे १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. दादोबांसमोर एका बाजूस संस्कृत व्याकरण होते आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजी शालेय व्याकरण. पाणिनीच्या दहा लकारांत काळ आणि अर्थ एकत्र गुंफलेले आहेत. इंग्रजी पद्धतीत ते निराळे मांडले जातात. १९११ साली मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या प्रश्नांची सविस्तर छाननी केली. तथापि शाळेच्या पुस्तकांत मराठीचीही बारा घरांची चौकटच स्थिरावली : साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीति.

येथे एक बाब सहसा नजरेतून निसटते. दोन्ही चौकटींतील घरांची संख्या सारखी असली, तरी चौथे घर एक नाही. इंग्रजीत ते चालू पूर्णाचे आहे, तर मराठीत रीतीचे. ‘तो चालत असे’ या वाक्याला इंग्रजी चौकटीत स्वतंत्र जागा नाही. आणि इंग्रजी चालू पूर्णाला मराठीत नेमके एक रूप नाही. संख्येच्या साम्यामुळे विद्यार्थी घराला घर जुळवितो आणि तेथेच फसतो.

भिवापूरच्या परिसरात ही अडचण आणखी वाढते. नागपूर-वऱ्हाडकडील बोली आणि पूर्वेकडील झाडीबोली यांच्या सीमेवरचा हा प्रदेश आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या मराठीविषयक सातव्या खंडात वऱ्हाड-नागपूरकडील बोलीची स्वतंत्र नोंद आहे. या भागात चालू क्रिया सांगताना ‘मी शाळेत जात आहे’ असे क्वचितच म्हणतात. ‘मी शाळेत जाऊन राहिलो’ असे म्हणतात. मुलगी ‘जाऊन राहिली’ म्हणते. ‘राहिलो’ हे रूप दिसावयास भूतकाळी आहे, अर्थ मात्र चालू वर्तमानाचा आहे. हिंदीतील ‘जा रहा हूँ’ या रचनेशी त्याचे साम्य उघड आहे. ‘होतो’ जोडले की तीच रचना भूतकाळात जाते : ‘जाऊन राहिलो होतो’. म्हणजे इंग्रजी चालू काळाला समांतर अशी पूर्ण व्यवस्था या मुलाच्या तोंडी शाळेत येण्यापूर्वीच असते.

प्रमाण मराठीतही रूप आणि काळ यांची अशी फारकत आढळते. ‘मी काल पाच कोस चाललो’ आणि ‘बरं, मी घरी चाललो’ या दोन वाक्यांत रूप एकच आहे. पहिल्यात क्रिया संपलेली आहे, दुसऱ्यात ती आता घडावयाची आहे. तेव्हा बोलीतील ‘राहिलो’ला अशुद्ध ठरविण्यास व्याकरणाचा आधार नाही.

नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांची शाळा १८४६ साली सुरू झाली, तेव्हा इंग्रजी मोजक्या मुलांपुरती होती. महाराष्ट्रात २००० सालापासून ती पहिलीपासून शिकविली जाते. त्यामुळे हा प्रश्न आता प्रत्येक खेड्यातील सहा वर्षांच्या मुलाचा झाला आहे. त्याला इंग्रजी वाक्य समजण्यासाठी आधी ‘जात आहे’ हे प्रमाण रूप घोकावे लागते, म्हणजे एका परक्या भाषेकडे जाताना दुसऱ्या अपरिचित रूपाचा वळसा घ्यावा लागतो. या वळशात चुकणाऱ्या मुलाला मंद समजले जाते, ही खरी हानी होय. ‘आय ॲम वॉकिंग’ म्हणजे ‘मी चालून राहिलो’ असे शिक्षकाने फळ्यावर निःसंकोच लिहिले, तर तो वळसा टळेल. प्रमाण रूप त्यानंतर शेजारी मांडता येईल. चौकट ही अध्यापनाची सोय आहे. मुलाच्या तोंडची भाषा ही वस्तुस्थिती आहे, आणि सोयीने वस्तुस्थितीला अनुसरावे हेच शास्त्राला धरून होईल.