दंडाला फडकं, छातीला भोक
बाही वर सारा. पट्टी दंडावर बांधायची आहे. साल १६२७, जागा लंडनचं सेंट बार्थोलोम्यू इस्पितळ. समोर डॉक्टर विल्यम हार्वी: बुटके, सावळे, डोळे बारीक आणि काळेभोर. शेजारच्या स्मिथफील्डच्या बाजारातलं गुरांचं हंबरणं इथवर ऐकू येतंय. हार्वी राजाचे वैद्य, पण इथे येऊन गरिबांनाही तपासतात. तुम्ही त्या गरिबांपैकी, असं समजून चला.

पट्टी करकचून आवळली जाते. मनगटाची नाडी गायब! पट्टीच्या वर मात्र धमनी थाडथाड उडतेय. जरा वेळाने हात गार पडू लागतो. मग हार्वी पट्टी किंचित सैल करतात आणि पंज्याकडे ऊब धावलेली तुम्हाला स्वच्छ जाणवते. हात लालबुंद, शिरा टरारलेल्या. धमनी खोल असते, तिची वाट मोकळी झाली. शिरा कातडीलगतच्या, त्या अजून दबलेल्याच. रक्त आलं, पण परतणार कुठून?

फुगलेल्या शिरेवर मध्येमध्ये गाठी दिसतात. त्या झडपा. हार्वी एका बोटाने शीर दाबून धरतात आणि दुसऱ्या बोटाने रक्त खांद्याच्या दिशेने, वरच्या झडपेपलीकडे सारतात. मधला तुकडा सपाट होतो. वरून रक्त खाली ढकलून बघतात, झडपेपाशी अडतं. खालचं बोट उचललं की शीर लगेच भरते. पाडुआतले त्यांचे गुरू फाब्रिचिउस यांनी या झडपा चित्रांसकट छापल्या होत्या, पण रक्ताचा वेग आवरायला त्या असतात असा त्यांचा समज. चित्रं काढूनही मुद्दा निसटला!

पट्टी सुटते, हिशेब सुरू होतो. प्राचीन वैद्य गॅलेनपासून जवळजवळ १४०० वर्षं वैद्य मानत आलेत की अन्नाचं रक्त यकृतात होतं आणि अंगातच जिरून जातं. ‘हृदयाच्या ठोक्याला अर्धा औंस रक्त धर,’ हार्वी म्हणतात, ‘अर्ध्या तासात हजार ठोके.’ झाले ५०० औंस, म्हणजे १५ किलोंच्या वर. अर्ध्या तासात एवढं जेवतो कोण? हा अंदाजही हात राखूनच केलेला. खरं तर ठोक्याला ७० मिलिलिटरच्या आसपास, मिनिटाला ५ लिटर. तेव्हा तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरतंय. हृदयाचा उजवा खालचा कप्पा, म्हणजे उजवा निलय, ते फुप्फुसांकडे धाडतो, डावा साऱ्या अंगाला.

पुढच्या वर्षी हे फ्रँकफुर्टला लॅटिनमध्ये छापून येईल, अवघ्या ७२ पानांत. मग हार्वींचे रोगी रोडावतील. डॉक्टरचं डोकं फिरलंय म्हणतात, त्याच्याकडून औषध कोण घेणार?

आता १४ वर्षं पुढे या, राजवाड्यात. ह्यू मॉन्टगोमेरी हा उमरावाचा मुलगा, विशीच्या आतलाच. लहानपणी पडून फासळ्या मोडल्या, जखम पिकली आणि छातीच्या डाव्या बाजूला भोक कायमचं राहिलं. त्यावर तो धातूची पाटी बांधतो. नोकर रोज कोमट पाण्याची पिचकारी मारून आतून धुतो. पोरगा एरवी ठणठणीत. हार्वी भोकात तीन बोटं नि अंगठा घालतात. आत काहीतरी हलतंय. फुप्फुस की काय? दुसऱ्या हाताने ते मनगटाची नाडी धरतात. दोन्ही ठोके एकाच वेळी! म्हणजे हृदयच, वर खपलीसारखा मांसाचा पातळ थर. आकुंचन पावताना ते पुढे येतं, सैलावताना मागे जातं. ‘दुखतंय का?’ छे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही किंवा बाहेरच्या कातडीला धक्का लागला नाही, तर बोट लागलेलं ह्यूला कळतच नाही. चार्ल्स राजाही बोट घालून खात्री करून घेतो. भल्याभल्यांचे वादविवाद ऐकण्यापेक्षा हे बरं.

बाहेर पडताना तुम्ही हार्वींना विचारता: धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून? मांसातल्या बारीक छिद्रांतून, ते म्हणतात, पण पाहिलेलं नाही. केशवाहिन्या तुम्हाला शाळेपासून माहीत. बेडकाच्या फुप्फुसात इटलीचा मालपिघी त्या १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकातून दाखवेल, आणि हार्वी तर १६५७ लाच जाणार. सांगून टाकावंसं वाटतं. पण दाखवायला हातात काही नसताना हा माणूस ऐकून घेणार नाही.