पत्र आले, पण उत्तर कोणत्या पेशव्यांना?

सावदा, रावेर आणि पुढे बऱ्हाणपूर. खानदेशातील ही वाट. १७६३ मध्ये सावदा निजामाकडून पेशव्यांकडे आले व लवकरच सरदार रास्त्यांच्या हाती गेले. थोडक्या काळात धनी दोनदा बदलला; अर्ज कोणाच्या नावे लिहावा, हा प्रश्न इथल्या माणसाला नवा नव्हता. १७७४ मध्ये मात्र तोच प्रश्न साऱ्या मराठी दौलतीपुढे उभा राहिला.

आधी पत्राची रीत पाहू. जुन्या मराठी पत्राच्या शेवटी आजच्यासारखी सही नसे. अक्षर बहुधा कारकुनाचे, म्हणून त्यावरूनही पाठवणारा ठरत नसे. त्याचे नाव आरंभी, मायन्यातच येई. पाठोपाठ आशीर्वाद, नमस्कार की दंडवत, यावरून उभयतांचे नाते कळे. शेवटी मोर्तब, म्हणजे खाली कोणी मजकूर वाढवू नये. उत्तर देणारा प्रथम 'पत्र पावले' असे लिहून आलेल्या मजकुराचा सारांश देई, मग आपले म्हणणे मांडी. (मूळ पत्र हरवले तरी त्यातला आशय उत्तरात सापडतो, तो या सवयीमुळे.)

आता पेच. नारायणरावांच्या खुनानंतर १७७३ मध्ये रघुनाथरावांनी पेशवाईची वस्त्रे घेतली. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांना मरणोत्तर पुत्र झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळाच्या नावे बारभाईंनी वस्त्रे आणविली. रघुनाथराव तोवर बऱ्हाणपुराकडे सरकले होते, म्हणजे आपल्या याच वाटेच्या टोकाला.

एकच 'प्रधान' पद, नावे दोन: रघुनाथ बाजीराव आणि माधवराव नारायण. दुसऱ्या नावाने लिहिणारा तर पाळण्यात! त्याच्या नावाआड सखारामबापू आणि नाना फडणीस होते, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही उत्तराचा मायना बाळाच्या नावे लिहिणे म्हणजे त्याचा हक्क मान्य करणे, आणि दादासाहेबांना 'प्रधान' लिहिणे म्हणजे बारभाईंशी वैर. मजकूर कितीही गोलमाल ठेवा, पहिल्या ओळीत पक्ष उघडा पडे. शिंदे-होळकर दोन्हीकडे बोलणी चालवीत राहिले, ती कसरत माझ्या मते निव्वळ लबाडी नव्हती. धनी कोण, हेच ठरायचे होते.

६ मार्च १७७५ रोजी रघुनाथरावांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला. त्या काळच्या पुष्कळ पत्रांवर तिथी असते, साल नसते. अशा वेळी अभ्यासक आधी मायना वाचतो: 'प्रधान' कोणाला म्हटले आहे?