वर्गणी आधी की हक्क? लंडन मॅरेथॉन आणि स्वमग्न मुलांचे पालक

१/ लंडन मॅरेथॉनमध्ये दरवर्षी हजारो धावपटू एखाद्या सेवाभावी संस्थेचे नाव छातीवर घेऊन ४२.१९५ किलोमीटर धावतात. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थाही त्यांत असतात. हे दृश्य पाहून वाटते, आधी दाते आले आणि मग मुलांचे भले झाले. इतिहासाचा क्रम मात्र उलटा आहे. तोच या धाग्यात पाहू. 🧵

२/ १९४३ साली बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला आणि ऑटिझमला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले. पुढे मात्र एक घातक समज रूढ झाला: आईची माया कमी पडली म्हणून मूल असे झाले. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ (१९६७) या ग्रंथाने तो दूरवर पोहोचवला. दुःखात असलेल्या माताच आरोपी ठरल्या.

३/ इंग्लंडमध्ये आणखी एक भिंत उभी होती. तीव्र अक्षमता असलेल्या मुलाला शाळेत शिकवण्यास अयोग्य ठरवण्याची मुभा कायद्यानेच दिली होती. असे मूल शिक्षण खात्याच्या कक्षेतून बाहेर पडे आणि आरोग्य यंत्रणेच्या स्वाधीन होई.

४/ १९६२ साली लंडनमधील काही पालकांनी एकत्र येऊन संस्था स्थापन केली. आजची नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी ती हीच. संस्थापकांपैकी लॉर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि एका स्वमग्न मुलीच्या आईही. सिबिल एल्गर या शिक्षिकेने आपल्या घराच्या तळघरात अशा मुलांना शिकवणे आरंभले होते. त्यातूनच १९६५ मध्ये ईलिंग येथे संस्थेची शाळा उभी राहिली.

५/ ही मुले शिकू शकतात, हे त्या वर्गाने कृतीने दाखवून दिले. १९७० च्या शिक्षणविषयक कायद्याने ‘शिकवण्यास अयोग्य’ हा वर्गच रद्द केला. त्याच वर्षी दिव्यांगांसंबंधी झालेल्या दुसऱ्या कायद्यात स्वमग्न मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख आला.

६/ आणि मॅरेथॉन? ती यानंतर ११ वर्षांनी अवतरली. न्यूयॉर्कची शर्यत धावून भारावलेले ऑलिम्पिक विजेते ख्रिस ब्रॅशर आणि त्यांचे सहकारी जॉन डिस्ली यांनी २९ मार्च १९८१ रोजी पहिली लंडन मॅरेथॉन भरवली. ६,२५५ जणांनी ती पूर्ण केली. योगायोग असा की, त्याच वर्षी लॉर्ना विंग यांचा ‘अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम’वरील गाजलेला शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

७/ निधी उभा राहतो तो असा: संस्था शर्यतीतील राखीव जागा विकत घेते. त्या जागेवर धावणारा ठरावीक रक्कम जमवण्याची हमी देतो आणि नातेवाईक, शेजारी, सहकारी यांच्याकडे वर्गणी मागतो. लंडनमध्ये ही पद्धत १९९३ पासून रुजली. अनेकांच्या छोट्या देणग्यांतून आलेल्या अशा पैशावर सहसा अटी नसतात. म्हणूनच मदतवाहिनी, भाडे, पगार अशा न दिसणाऱ्या खर्चांना तो उपयोगी पडतो.

८/ मात्र दानाला दुसरी बाजूही आहे. १९९० आणि १९९२ मध्ये ब्रिटनमधील दिव्यांग कार्यकर्त्यांनी दूरचित्रवाणीवरील निधीसंकलनाच्या ‘टेलिथॉन’विरुद्ध निदर्शने केली. आमची कीव दाखवून पैसे गोळा करू नका, आम्हाला हक्क द्या, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. १९९२ नंतर तो कार्यक्रम पुन्हा झाला नाही.

९/ भारतातही क्रम फारसा निराळा नाही. दिल्लीत १९९१ साली एका स्वमग्न मुलाच्या आईच्या पुढाकाराने ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू झाली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमला स्थान नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मिळाले. सामाजिक संस्थांसाठी निधी उभारणारी मुंबई मॅरेथॉन २००४ ची.

१०/ धावणाऱ्याचे श्रम खरे आहेत आणि त्याने जमवलेला पैसाही मोलाचा आहे. परंतु वर्गणीने शाळेचे भाडे भरता येते. मूल शिकण्यास पात्र आहे, हे मान्य करवून घ्यावे लागते. ते काम, कोणीही टाळ्या वाजवत नसताना, त्या पालकांनी केले. पुढच्या मॅरेथॉनमध्ये धावपटूच्या छातीवर एखाद्या संस्थेचे नाव दिसले, तर ती कोणी आणि कोणत्या अन्यायाविरुद्ध उभी केली, हे अवश्य शोधा.