जीभ नसलेला वाघ

कीर्तिपूर हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते क्रिकेटमुळे. फेब्रुवारी २०२० मध्ये नेपाळने तिथे अमेरिकेला ३५ धावांत गुंडाळलं आणि आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी स्कोअरकार्ड टाकलं. नंतर त्या मैदानाचे व्हिडिओ दिसत राहिले. गवताच्या उतारावर दाटीवाटीने बसलेली माणसं, आणि ज्यांना तिथेही जागा मिळाली नाही ती थेट झाडांवर. मैदानाचं नाव त्रिभुवन विद्यापीठ. त्यामुळे काठमांडूला जायचं ठरलं तेव्हा मला देवळांआधी हे मैदान बघायचं होतं, हे कबूल करते.

काठमांडूच्या नैऋत्येला पाच-सहा किलोमीटरवर एक टेकडी आहे. टेकडीच्या पायथ्याशी विद्यापीठ, माथ्यावर जुनं कीर्तिपूर. नेपाळमध्ये मराठी माणसाला पाट्या वाचता येतात हे सुख आहे, पण त्यात फसगतही आहे. आवारात ‘शिक्षाशास्त्र’ हा शब्द दिसला आणि मला सातवीतले गणिताचे सर आठवले. तो शिक्षणशास्त्राचा विभाग होता.

हे विद्यापीठ १९५९ सालचं, नेपाळमधलं पहिलं. त्याआधी काठमांडूत त्रिचंद्र कॉलेज होतं, १९१८ पासून, पण पदवीच्या परीक्षा भारतातल्या विद्यापीठांच्या. राणांच्या राजवटीला शिकलेली प्रजा फार नको होती. ती राजवट १९५१ मध्ये संपली आणि देशाला स्वतःचं विद्यापीठ हवंसं वाटू लागलं. त्यासाठी जमीन लागली, ती कीर्तिपूरच्या ज्यापू शेतकऱ्यांची घेतली. टेकडीवर घरं आणि खाली भातशेती, असं या गावाचं गणित होतं. त्यातली खालची बाजू गेली. चहाच्या टपरीवर भेटलेला एक विद्यार्थी मला म्हणाला, “दिदी, वरच्या म्हाताऱ्यांना विचारा, ते अजून म्हणतात की आमच्या शेतात कॉलेज उगवलं.” तो स्वतः तराईतून आलेला, खोली त्यांच्याच एका घरात भाड्याने घेतलेली. शेत गेलं, भाडं आलं.

वर चढत गेलं की गल्ल्या अरुंद होतात, विटांची घरं अंगावर येतात. बाघभैरवाचं देऊळ चौकात आहे, तीन छपरांचं. वरच्या मजल्याच्या भिंतीकडे बघेपर्यंत मी ते इतर देवळांसारखंच समजत होते. तिथे गंजलेल्या तलवारी आणि ढाली ठोकून ठेवल्या आहेत. अठराव्या शतकातल्या लढायांमधल्या.

तेव्हा काठमांडू खोऱ्यात मल्ल राजांची तीन राज्यं होती, कांतिपूर, ललितपूर आणि भक्तपूर. कीर्तिपूर ललितपूरच्या ताब्यात. पश्चिमेकडच्या गोरखा या लहानशा राज्याचा राजा पृथ्वीनारायण शाह याला खोरं हवं होतं, आणि ही टेकडी हाताशी आल्याशिवाय ते मिळणार नव्हतं. १७५७ चा पहिला हल्ला पार फसला. सेनापती कालू पांडे मारला गेला, राजा स्वतः कसाबसा निसटला. १७६४ मध्ये दुसरा हल्ला झाला, त्यात राजाचा भाऊ सुरप्रताप याचा एक डोळा बाणाने गेला. पुढच्या दोन-तीन वर्षांत वेढा आणि फितुरी यांच्या जोरावर गाव पडलं. १७६८-६९ पर्यंत तिन्ही राज्यं संपली आणि आजच्या नेपाळचा पाया घातला गेला. शाळेच्या पुस्तकातला शब्द आहे ‘एकीकरण’. सिंहदरबारासमोर पृथ्वीनारायणाचा पुतळा आहे, एक बोट वर केलेला.

कीर्तिपूर पडल्यावर काय झालं ते कापुचिन पंथाचा पाद्री जुसेप्पे याने लिहून ठेवलं आहे. तो त्या काळात खोऱ्यात होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे राजाने गावातल्या लोकांची नाकं आणि ओठ कापायचा हुकूम दिला. आईच्या कडेवरची पोरं आणि फुंकून वाजवायची वाद्यं वाजवणारे, एवढेच सुटले. गावाचं नावही बदलून नासकाटापूर करायचं ठरलं. काही इतिहासकारांना हे वर्णन फुगवलेलं वाटतं. शंकेला जागा आहेच, कारण पृथ्वीनारायणाने १७६९ मध्ये या पाद्र्यांना हाकललं आणि ते बिहारात बेतियाला गेले. हाकललेला माणूस हाकलणाऱ्याबद्दल चांगलं कशाला लिहील?

माझं रोजचं काम बग शोधण्याचं आहे. एकाच लॉगवर विश्वास ठेवायचा नाही, दुसरीकडे त्याचा माग दिसतो का बघायचं, ही सवय. इथे तो दिसतो. १७९३ मध्ये कंपनीचा अधिकारी विल्यम कर्कपॅट्रिक नेपाळला गेला. त्याचं सामान वाहणाऱ्या हमालांमध्ये नाक नसलेले लोक त्याला फार दिसले, म्हणून त्याने चौकशी केली, आणि उत्तर आलं, कीर्तिपूर. पाव शतकानंतर ती माणसं ओझी वाहत होती. आकडा किती, ओठ कापले की नाही, यावर वाद घाला. पण हे हमाल मला खोडून काढता येत नाहीत.

मराठीत आपण ‘नाक कापलं’ किती सहज म्हणतो. मॅच हरलो, नाक कापलं. पोरीने पळून जाऊन लग्न केलं, नाक कापलं. त्या देवळासमोर उभी राहून मी हा वाक्प्रचार मनात म्हणून बघितला, आणि मला तो पुरा करवला नाही.

आपल्याकडची एक गोष्ट मात्र लगेच आठवली. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. त्याची हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि तिकडच्या शल्यविशारदांनी ती पद्धत उचलली. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात आपला हा माणूस सापडतो. मी कॉलेजात असताना ही गोष्ट अभिमानाने फॉरवर्ड केली होती.

दुसरी गोष्ट आठवायला वेळ लागला, कारण ती मी कधी फॉरवर्ड केली नव्हती. माझ्या टीममधली एक बंगाली मैत्रीण एकदा हसत म्हणाली, “तुम्हा लोकांची भीती घालून आम्हाला झोपवायचे.” बंगालमध्ये बाळाला झोपवताना म्हणतात त्या अंगाईत ‘बर्गी’ येतात. बर्गी म्हणजे बारगीर, १७४० च्या दशकात बंगालवर वर्षामागून वर्षं चालून गेलेलं नागपूरकर भोसल्यांचं सैन्य. त्याच काळात गंगाराम नावाच्या कवीने बंगालीत ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिलं. नाव वाचून वाटतं आपलं कौतुक असेल. त्यात पळणारी गावं आहेत, आणि बर्गींनी कापलेले हात, नाकं आणि कान आहेत. कीर्तिपूरच्या वीसेक वर्षं आधी.

तेव्हा मी तिला म्हटलं होतं की अगं, चौथाईची थकबाकी होती. खरंच म्हटलं होतं.

बाघभैरवाची गोष्ट गावातला कुणीही सांगतो. मेंढ्या राखणाऱ्या पोरांनी मातीचा वाघ केला. जिभेसाठी पान आणायला ती रानात गेली. परत येऊन बघतात तर वाघाच्या तोंडाला रक्त आणि मेंढ्या गायब. मातीत भैरव शिरला होता. वाघाला जीभ लावायची राहिली ती राहिलीच, आजही मूर्तीला जीभ नाही. मला ही गोष्ट सांगणाऱ्या आजोबांना मी विचारलं, “बाजे, आणि त्या तलवारी?” ते म्हणाले, “त्या आहेत तिथेच असू देत.” पुढे काही बोलले नाहीत. हे गाव १९९० च्या आणि २००६ च्या आंदोलनांत राजाविरुद्ध रस्त्यावर उतरलं होतं, ते मी नंतर वाचलं. २००८ मध्ये नेपाळची राजेशाहीच संपली.

दुपारी एका घरगुती खाणावळीत जेवले. पानात बजी आले, म्हणजे कोरडे पोहे, सोबत डाळीचा वडा, बटाट्याची भाजी आणि भाजून मसाला लावलेलं म्हशीचं मांस. नेपाळीत त्यांना चिउरा म्हणतात. मी वाढणाऱ्या बाईंना सांगितलं की आमच्याकडे पोहे भिजवून, फोडणी देऊन करतात. त्यांना ते पटलं नाही. “मग ते चावायचं काय राहिलं?” म्हणाल्या.

शेवटी उमामहेश्वराच्या देवळापर्यंत चढले. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत, त्यांच्या पाठीवर पोरांनी बसू नये म्हणून टोकदार खिळे. वरून एका बाजूला सगळं काठमांडू दिसतं, धुळीत बुडालेलं. पायथ्याशी विद्यापीठाच्या इमारती आणि मैदानाचा हिरवा गोल. त्या दिवशी मॅच नव्हती. एक जण पिचला पाणी मारत होता, आणि सीमारेषेपलीकडे, उरलेल्या एका तुकड्यात, कुणीतरी अजून भाजी लावली होती.