सेलेनियमची भर आणि प्रतिकारशक्तीचा दावा

वनस्पतीतील पॉलिसॅकराइडला, म्हणजे शर्करेच्या लांब साखळीला, सेलेनियमची जोड दिली की प्रतिकारशक्ती वाढते आणि वनस्पतिज असल्याने अपायही नाही, असा पूर्वपक्ष आहे. चीनमध्ये अ‍ॅस्ट्रॅगॅलस, लसूण, गोजी यांच्या पॉलिसॅकराइडवर असे पुष्कळ प्रयोग झाले. साध्यापेक्षा सेलेनियमयुक्त रूपाने मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी अधिक चेतवल्याचे निष्कर्षही आहेत. ते खोटे नव्हेत. तिथून थेट माणसावर मारलेली उडी मात्र अमान्य.

मुळात हे सेलेनियम पुष्कळदा झाडाने मातीतून घेतलेले नसतेच. वेगळे काढलेले पॉलिसॅकराइड नायट्रिक आम्लात सोडियम सेलेनाइटबरोबर तापवतात. याला नैसर्गिक म्हणायचे तर म्हणा बापडे!

खरी मेख पुढे आहे. वनस्पतीच्या अर्कात जिवाणूंचे एंडोटॉक्सिन हे विष सहज मिसळते आणि मॅक्रोफेज चेतवायला त्याचे काही नॅनोग्रॅमही पुरतात. त्याची तपासणी झाली नसेल, तर दिसलेला परिणाम पॉलिसॅकराइडचा की जिवाणूंचा, हे ठरवणार कसे? शिवाय बशीतल्या पेशींवर ओतलेला अजस्र रेणू तोंडावाटे घेतला तर तसाच रक्तात उतरत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे पाडतात. उंदरांवरचे अनेक प्रयोगही सायक्लोफॉस्फामाइड या औषधाने आधीच प्रतिकारशक्ती खच्ची केलेल्या उंदरांवरचे.

पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे केशान रोग. चीनच्या हेलोंगजियांग प्रांतातील केशान भागात 1935 साली नोंदलेला हा हृदयस्नायूंचा विकार सेलेनियमच्या अभावाशी निगडित आहे. 1970च्या दशकात सिचुआनमधील मुलांना सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या दिल्यावर त्याचे प्रमाण झपाट्याने उतरले. पण त्या गोळ्यांत पॉलिसॅकराइड कुठे होते? साध्या क्षाराने काम भागले, कारण तिथे अभाव होता. अभाव असलेल्या उंदरांत निरुपद्रवी कॉक्सॅकी विषाणू घातक बनतो, हे संशोधक मेलिंडा बेक यांनी 1990च्या दशकात दाखवले, तेही हेच सांगते: सेलेनियम उणीव भरून काढते. उणीव नसलेल्याची प्रतिकारशक्ती त्याने आणखी चढते, हे यातून निघत नाही.

आणि ‘अपाय नाही’? हुबेई प्रांतातील एन्शी इथे 1960च्या दशकात स्थानिक मका-भाजीपाल्यातल्याच सेलेनियमने लोकांचे केस आणि नखे गळाली. सगळे वनस्पतिजच होते!

प्रौढाची रोजची गरज सुमारे 55 मायक्रोग्रॅम; अमेरिकी मानकांची कमाल मर्यादा 400. तेव्हा विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: एका कॅप्सूलमध्ये सेलेनियम किती, आणि माणसांवर काय तपासले?