कायरोप्रॅक्टर आणि ताठ कणा



दिवसभर मॉनिटरपुढे पोक काढून बसणाऱ्या आपल्या जमातीतला कुणी ना कुणी कधीतरी कायरोप्रॅक्टरकडे जातोच. आमच्या टीममधला एकजण गेला. तिथे एक्स-रे काढला, मान किती पुढे आलीय ते रेघ ओढून दाखवलं आणि तीस भेटींचं पॅकेज समोर ठेवलं. पैसे आगाऊ. भरू का, असं त्याने मला विचारलं. मी डॉक्टर नाही, पण इतिहास वाचायची खोड आहे, म्हणून या विद्येचं मूळ शोधलं.

सुरुवात आयोवातल्या डेव्हनपोर्टची. डॅनियल डेव्हिड पामर आधी चुंबकोपचार करायचा. सप्टेंबर १८९५ मध्ये त्याने हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका दाबून 'बसवला' आणि त्याचा बहिरेपणा गेला, असा पामरचा दावा. (कानाची नस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीतून नाही. असो.) पुढे त्याने लिहिलं की ९५ टक्के रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात. म्हणजे त्याचा रोख रोग बरे करण्यावर होता, पोक घालवण्यावर नाही. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून तो तुरुंगातही जाऊन आला. त्याचा मुलगा बी. जे. जाहिरातीत बापाच्या चार पावलं पुढे. त्याने १९१० मध्ये शाळेत एक्स-रे आणला आणि १९२२ मध्ये चक्क रेडिओ स्टेशन घेतलं. रोनाल्ड रेगनने निवेदक म्हणून सुरुवात केली ती तिथेच!

ताठ बसण्याचं वेड हा वेगळाच प्रवाह. १९१४ मध्ये अमेरिकन पोश्चर लीग निघाली. शाळेतल्या पोरांच्या पाठी तपासल्या जाऊ लागल्या, मोठमोठ्या कॉलेजांत नव्या विद्यार्थ्यांचे विवस्त्र फोटो काढले जात. हे प्रकार १९६० च्या दशकापर्यंत चालले. कायरोप्रॅक्टर मंडळींनी या वेडाचा प्रचारासाठी छान उपयोग केला. १९५६ मध्ये शिकागोत त्यांनी 'उत्तम ठेवणीची सुंदरी' निवडली, तीही कण्याचे एक्स-रे बघून! रेघ ओढलेल्या एक्स-रेचं आजोळ मला तरी इथेच दिसतं.

डॉक्टरांना हे सगळं थोतांड वाटे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये त्याविरुद्ध समितीच नेमली. १९७६ मध्ये चेस्टर विल्क आणि त्याच्या साथीदारांनी दावा ठोकला, आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर यांनी असोसिएशनला मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दोषी ठरवलं. पण हा उपचार लागू पडतो की नाही, यावर कोर्टाने शिक्का मारला नाही. जाहिरातीत हे वाक्य कुणी छापत नाही.

आज अभ्यास काय सांगतात? कंबरदुखीला मणके दाबण्याने थोडाफार आराम पडतो, साधारण व्यायामाइतकाच. २०१७ च्या अमेरिकन फिजिशियन्सच्या मार्गदर्शनात बिनऔषधी उपायांत त्याचं नाव आहे. पण वाकलेली ठेवण कायमची सरळ होते, याला भक्कम पुरावा नाही. शिवाय पोक आणि पाठदुखी यांचं नातंही आपण समजतो तितकं घट्ट नाही. मानेला झटका देण्यात क्वचित, पण गंभीर धोका असतो: रक्तवाहिनी फाटून पक्षाघात.

मित्राला एवढंच सांगितलं, कंबर दुखत असेल तर चार-सहा भेटी घेऊन बघ, मानेला हात लावू देऊ नकोस आणि तीस भेटींचे पैसे आगाऊ भरू नकोस. त्याने पाच भेटी घेतल्या आणि मॉनिटरखाली दोन जाडजूड पुस्तकं ठेवली. तुमच्यापैकी कुणी पूर्ण पॅकेज घेतलं असेल तर जरूर कळवा.