ईएसआयच्या कार्डावरची तारीख

काही वर्षांपूर्वी भोसरीच्या एका वर्कशॉपमधला पंचविशीचा मुलगा माझ्याकडे ड्रेसिंगला यायचा. पॉवर प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. त्याच्या फाइलमध्ये ईएसआयचं कार्ड होतं. त्यावर नोंदणीची तारीख अपघाताच्याच दिवसाची. कामाला मात्र तो आठ महिन्यांपासून होता.

मित्रांनो, ही तारीख का महत्त्वाची, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

1923 साली आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. पण त्यासाठी विमा उतरवायची सक्ती नव्हती! मालकाने हात वर केले किंवा त्याचं दिवाळं निघालं, तर जखमी माणसाने आयुक्तांकडे खेटे घालायचे. शिवाय साध्या आजारपणाचं काय? शिशाची विषबाधा, अँथ्रॅक्स असे मोजके आजार यादीत होते. टीबी झालेला गिरणी कामगार त्यात बसत नव्हता. जर्मनीत बिस्मार्कने आजारपणाचा सक्तीचा विमा 1883 मध्येच आणला होता.

मार्च 1943 मध्ये सरकारने हे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपवलं. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. 15 ऑगस्ट 1944 ला अहवाल आला, 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 ला कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. भरपाई आता एकट्या मालकाच्या खिशावर अवलंबून राहिली नाही. सगळ्यांच्या वर्गणीचा एक निधी झाला. (2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही जुने कायदे सामावले आहेत.)

आपल्या चिंचवडचं मोहननगर आणि बिबवेवाडीचं ईएसआय हॉस्पिटल तुम्ही पाहिलं असेल. गर्दीबद्दल तक्रारी मीही ऐकतो. पण पैशांचा भाग बघा. साधारण 10 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांची नोंदणी मालकाने करायची. मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75 टक्के, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे. मालकाचा हिस्सा पगारातून कापणं बेकायदा. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांची जबाबदारीही शेवटी मूळ मालकावरच येते.

कामावरच्या इजेला मात्र किती दिवस वर्गणी भरली ही अट नाही. त्यामुळे त्या मुलाला बरं होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के रक्कम मिळाली. पुढे मेडिकल बोर्डाने कायमचं अपंगत्व ठरवलं. प्रश्न त्या आठ महिन्यांचा आहे. आजारपणात 70 टक्के पगार वर्षाला 91 दिवस मिळतो, पण आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. टीबी, कॅन्सर अशा 34 दीर्घ आजारांत 80 टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते, त्यासाठी आधीची दोन वर्षांची सलग नोकरी धरली जाते. त्या मुलाला बोटांऐवजी टीबी झाला असता, तर कागदोपत्री तो नवाच कामगार ठरला असता.

मालक वर्गणी चुकवतो म्हणून कामगाराचा हक्क बुडाला, तर महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. त्यासाठी पुरावा लागतो: पगाराची स्लिप, हजेरीचं कार्ड, बँकेचं पासबुक. आणि डॉक्टरकडे गेलात की इजा कुठे, किती वाजता, कोणत्या मशिनवर झाली हे केसपेपरवर लिहून घ्या. मी ते न विचारताच लिहितो. कार्डावरची नोंदणीची तारीख आज रात्री घरी गेल्यावर बघा.